बारकी मादी, मध्यम नर: परसातल्या सशांच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, येळ्ळूर, बेळगाव

श्रावण चालू आहे. घरात मटणाचं नाव काढायची सोय नाही, म्हणून वाचायला आणि हिशोब मांडायला हाच महिना बरा.

गेल्या महिन्यात एक जण सशांचं युनिट विकायला दारापर्यंत आला होता. युनिट म्हणजे सात माद्या, तीन नर, पिंजरे, आणि होतील ती पिल्लं आम्हीच परत घेऊ असा कागद. आधी इमू झाले, मग कडकनाथ, आता हे. सात माद्यांना तीन नर कशाला, असं विचारलं तर गडी गप्प. एक नर आठ-दहा माद्यांना पुरतो. उरलेले दोन नुसते खाणार, आणि त्यांचेही पैसे माझ्याकडूनच घेणार. चहा पाजून वाटेला लावला.

मला धंदा करायचा नाही. घरात मटण खाणारे चौघं (आई माळकरी, तिला धरलेलं नाही), महिन्यातून दोन-तीन रविवार. परसात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी दहा फूट भिंत मोकळी आहे. तेवढ्या जागेत, तेवढ्या खाणाऱ्यांना कोणत्या जातीचा ससा ठेवायचा, एवढंच ठरवायचं आहे.

२५ ऑगस्ट

आपल्याकडे मटणाच्या सशात चार नावं फिरतात: न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, तिथे आणि तिच्या कोडाईकनालजवळच्या मन्नवनूर केंद्रात सशांवर बरंच काम झालंय. न्यूझीलंड व्हाइट नावालाच न्यूझीलंडचा, जात घडली अमेरिकेत. पुरा वाढलेला चार ते पाच किलोचा असतो. इकडे त्या नावाने विकले जाणारे तीन-साडेतीनच्या पुढे क्वचित जातात.

बारक्या जातींत डच, दोन ते अडीच किलो. मादी पिल्लांना चांगली, परकी पिल्लंही अंगावर घेते, म्हणून मोठ्या फार्मवर तिला दाई म्हणून ठेवतात. फ्लोरिडा व्हाइट साधारण तेवढाच किंवा थोडा जड. १९६० च्या दशकात डच, पोलिश आणि न्यूझीलंड व्हाइट यांच्या मिश्रणातून काढलेला, प्रयोगशाळेला आणि लहान घरांच्या मटणाला दोन्हीकडे चालेल असा. कागदावर माझ्या कामाची हीच जात, पण इकडे कुणाच्या पिंजऱ्यात बघितलेली नाही. हिमालयन आणि मिनी रेक्स दोन किलोच्या आतले, सोलल्यावर हाती फार काही लागत नाही.

आता मुद्दा. बारका ससा कमी खाऊन जास्त मटण देतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते तितकंसं खरं नाही. पिल्लू कोणत्याही जातीचं असो, वाढीच्या दिवसांत एक किलो वजन चढायला साधारण तीन-चार किलो खाद्य लागतंच. बारक्या जातीचं पिल्लू लवकर भरतं आणि थांबतं. त्यानंतर ठेवलं तर खाद्य वाया. फरक पडतो तो आईत. पिल्लं बारा-तेरा आठवडे खाणार आणि हंडीत जाणार. आई मात्र बारा महिने खाते, गाभण असो नसो, पावसात, उन्हात. चार किलोची आई आणि सव्वादोन किलोची आई यांच्या रोजच्या घासात जो फरक आहे तोच वर्षाचा हिशोब ठरवतो. जागेचं तेच, उन्हाचं तेच: बारक्या अंगाला वजनाच्या मानाने कातडी जास्त, उष्णता लवकर बाहेर पडते.

म्हणून ठरवलंय की आई बारकी घ्यायची आणि नर मध्यम, तीन किलोच्या आसपास. बापाकडून पिल्लांना अंग मिळेल. नर त्याहून दांडगा नको. बारक्या मादीच्या पोटात पिल्लं एक-दोनच राहिली तर ती मोठी होतात आणि वेताला अडकतात. पाच-सहा असली तर आपोआप बारीक राहतात.

८ सप्टेंबर

गणपती बसलेत. काम बंद.

२२ सप्टेंबर

पिंजरे तयार. बारक्या माद्यांना अडीच फूट बाय दोन, उंची दीड फूट. थोरला एक, तीन बाय अडीच, तो का ते पुढे येईलच.

तळाची जाळी १४ गेज वेल्ड मेश, एक इंच बाय अर्धा इंच. हे माप बदलू नये. अर्धा इंच चौकोनी घेतली की लेंड्या अडकून तळ चिकट होतो, एक इंच चौकोनी घेतली की पिल्लाचा पाय आत जातो. कापलेल्या तारांची टोकं कानशीने घासून घेतली; बोट फिरवून बघितलं, कुठे टोचलं नाही म्हणजे सशाच्या टाचेलाही टोचणार नाही. बाजूच्या जाळीला खालून चार इंच आणखी बारीक जाळी बांधली. आई पेटीतून उडी मारते तेव्हा एखादं पिल्लू थानाला लोंबत बाहेर येतं आणि मोठ्या भोकातून खाली पडतं, ते होऊ नये म्हणून.

वर पत्रा घालणार होतो, शेजारच्या काकांकडे घर पाडलेलं त्याची खानापुरी कौलं पडून होती, ती मागून आणली. एप्रिलमध्ये त्यांची किंमत कळेल. पिंजऱ्याच्या चारी पायांखाली वाट्या, त्यांत उद्यमबागेतल्या कारखान्यातलं वापरलेलं ऑइल, मुंग्यांसाठी.

६ ऑक्टोबर

शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत फिरलो. बारका ससा म्हटलं की दुकानदार हातात काय देतो? गोल डोकं, दोन इंचाचे कान, मुठीएवढं अंग. हे ड्वार्फ रक्ताचे. मटणासाठी बिनकामाचे, वेत दोन-चार पिल्लांचं. त्यात एक खोट अशी की ड्वार्फपणाचा गुण आई-बाप दोघांकडून आला तर ते पिल्लू जगत नाही. दोन्हीकडे तो गुण असेल तर सरासरी चारातलं एक तसंच जायचं. कान बघून ओळखायचं आणि पुढे जायचं.

दुसरी फसगत पट्ट्याची. पुढचं अंग पांढरं, मागचं काळं, कपाळावर पांढरी रेघ दिसली की तो डच असं सांगतात. ते रंगाचं जनुक आहे, अंगाचं नाही. असा पट्टा साडेतीन किलोच्या संकरित सशावरही उमटतो. मी आता सरळ म्हणतो, आई-बाप दाखवा, काट्यावर ठेवा. दुकानात आई-बाप नसतातच, म्हणून दुकानातून घ्यायचं नाही.

लांब केसांचे, अंगोरा मिसळलेले, तेही आणून दाखवले. कुलूच्या थंडीत ठीक. इथे मे महिन्यात त्यांचे केस कोण कातरत बसणार?

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला, आज ससे आले.

खानापूर भागात एका गृहस्थांनी युनिट बंद केलंय. पिल्लं परत घेऊ म्हणणारी कंपनी फोन उचलत नाही, पिंजऱ्यांचं कर्ज अंगावर. भाव करायला जीव झाला नाही, सांगितले तेवढे दिले. त्यांच्याकडून पांढरा नर, ३ किलो, आणि पांढरी थोरली मादी, ३.९ किलो. थोरली मुद्दाम घेतली. एकाच नराखाली, एकाच खाद्यावर बारकी आणि थोरली शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय माझं गणित खरं की खोटं कळणार कसं?

बारक्या दोघी काकतीकडच्या एका घरातून, तिथे पोरांच्या हौसेचे ससे आहेत. एक काळी-पांढरी, २.३ किलो, आई-बापही अडीचच्या आतले, काट्यावर बघितले. दुसरी तांबडी, २.५ किलो.

घेताना काय बघितलं ते लिहून ठेवतो. कान उलटा करून आत: तपकिरी खपली असेल तर खरूज. पुढच्या पायाची आतली बाजू: तिथले केस चिकटून वाळलेले असतील तर नाक गळतंय आणि ससा पायाने पुसतोय, दुकानदाराने नाक कितीही स्वच्छ केलेलं असो. मागच्या टाचा: केस गेलेले, कातडी लाल, म्हणजे जाळीवर जखमा होणार. थोरलीच्या डाव्या टाचेचे केस विरळ आहेत. जड अंगाला जाळी सोसत नाही. तिच्या पिंजऱ्यात एक फळी टाकली.

२७ ऑक्टोबर

चारा. आपल्या भागात रताळी आहेत, म्हणजे सशाचं निम्मं काम झालंय. काढणी चालू आहे आणि वेल बांधावर पडून असतात. तोडून एक रात्र सावलीत सुकवायचे, मग घालायचे. ओले-गच्च घातले की पोट फुगतं. शेंगांचा वाळलेला पाला पोत्यात भरून माळ्यावर ठेवलाय, उन्हाळ्यासाठी. परसात तुती आणि दशरथ घास लावला. सुबाभूळ आहे, पण थोडाच, रोज नाही. गाजरगवत चुकूनही नाही.

खुराक घरीच: मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, थोडी शेंगपेंड, मिनरल मिक्स्चर, मीठ. पेंड वासाला जरा जरी कुबट लागली तरी परत, बुरशीचं विष सशाला लगेच लागतं. म्हशीची गोळीपेंड स्वस्त पडते हे खरं, पण काहींत युरिया असतो, तो रवंथ करणाऱ्यांचा माल. कोंबडीचं खाद्यही नको: कॉक्सीवर (आतड्याच्या रोगावर) म्हणून त्यात घालतात त्यातली काही औषधं सशाला मारक आहेत.

मोजून घालतो. बारक्यांना प्रत्येकी ६० ग्रॅम, थोरलीला ११०, दोन्हीकडे वर चारा. याहून कमी घातलं तर थोरली खंगते. वर्षाचे २२ किलो आणि ४० किलो झाले, एकेका मादीमागे.

१० नोव्हेंबर

दिवाळी उरकली. आज पहाटे तिघींना नर दाखवला. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची. उलट केलं की मादी आपल्या जागेसाठी भांडते आणि नराला फाडते. तांबडी कोपऱ्यात बसून राहिली, संध्याकाळी परत नेली तेव्हा लागली.

२४ नोव्हेंबर

पोट चाचपलं. दोन आठवड्यांनी द्राक्षाएवढे गोळे बोटांखालून सरकतात, दाबायचं नाही. तिघी गाभण.

८ डिसेंबर

पेट्या ठेवल्या. आत भाताचा पेंढा.

१२ डिसेंबर

काल रात्री काळी आणि थोरली व्याल्या, आज पहाटे तांबडी. काळीने पोटाचे केस उपटून अशी गादी केलीय की पिल्लं दिसतच नाहीत, नुसती गादी हलते. काळीची सहा (एक मेलेलं), तांबडीची पाच, थोरलीची आठ. थोरलीने दोन पेटीबाहेर घातली, ती सकाळी गार पडली होती. रात्री बाहेर चांगलीच थंडी होती.

माझ्या आईला घोर लागलाय की पिल्लांजवळ कोणी बसत नाही, उपाशी मरतील. सशाची आई दिवसातून एकदाच, तीही दोन-चार मिनिटं पाजते. पिल्लाचं पोट बघायचं. गोल, ताणलेलं, आतलं दूध कातडीतून पांढरं दिसतं, म्हणजे झालं. सुरकुतलेलं दिसलं तर काळजी. सगळ्यांची पोटं गोल आहेत.

१५ डिसेंबर

तांबड्या मुंग्या. तांबडीच्या पेटीत एक पिल्लू गेलं. ऑइलच्या वाट्या भरलेल्याच होत्या. जाळीतून लोंबणारी घासाची एक काडी भिंतीला टेकली होती आणि मुंग्यांची रांग तिच्यावरून. आता पिंजरा भिंतीपासून वीतभर पुढे आणि चारा वरच्या गव्हाणीतच.

२३ डिसेंबर

डोळे उघडले. धाकटीला सांगून ठेवलंय: नावं आयांना ठेवायची, पिल्लांना नाही. तिने आयांना प्रत्येकी दोन ठेवली.

१९ जानेवारी २०२५

आज आयांपासून तोडली. सरासरी वजन: काळीची ४८० ग्रॅम, तांबडीची ५००, थोरलीची ५९०. पिल्लं हलवली नाहीत, आया हलवल्या. जागा आणि आई एकदम बदलली की पोट बिघडतं. ओला चारा आठवडाभर थोडाच.

२६ जानेवारी

थोरलीचं एक पोट फुगून गेलं. उरली पाच. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कॉक्सीचं औषध पाण्यातून दिलंय, आणि तळाची जाळी रोज झाडायला सांगितलंय. औषधापेक्षा झाडूच जास्त काम करेल असं मला वाटतं.

२ फेब्रुवारी

नंदगडचे मामा येऊन गेले. पिंजरे बघून म्हणाले, “माळावर एवढे ससे पळालेत की, पाळतोस कशाला?” मामांना सांगितलं की ते दिवस गेले, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने माळावरचा ससा मारणं गुन्हा आहे. मग त्यांचं दुसरं: एखादा धरून आपल्या मादीला लाव, जात काटक होईल. होणार नाही. माळावरचा ससा वेगळाच प्राणी, त्याची गुणसूत्रं ४८, आपल्या पिंजऱ्यातल्याची ४४, संकर होत नाही. त्याची पिल्लं केसासकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात, आपली बिनकेसाची, आंधळी. मामा म्हणाले, “व्हय? मग ह्यो ससाच न्हवं.” आणि थोरलीकडे बोट दाखवून, “ही तेवढी मला दे.”

९ मार्च

साडेबारा आठवडे झाले. वजन सरासरी: काळीची पाच, १.४५ किलो. तांबडीची चार, १.५ किलो. थोरलीची पाच, १.८ किलो.

प्रत्येक वेतातला एक कापला. मान मोडून, झटक्यात; पोरं शेजारी गेलेली असताना. काळीचा १.४४ चा सोलून ७३० ग्रॅम भरला, थोरलीचा १.८३ चा ९३०. दोघांचा उतारा निम्म्याच्या जरा वर. यात बारक्या-थोरल्याचा फरक नाही.

फरक असा. काळीने एका वेतात ७.२५ किलो जिवंत वजन दिलं, स्वतः २.३ ची. थोरलीने ९ किलो, स्वतः ३.९ ची. आईच्या एका किलोमागे काळी ३.१५, तांबडी २.४, थोरली २.३. एका वेतावर पैज लावू नये, तांबडी तर थोरलीच्या बरोबरीलाच आहे. पण थोरली वर्षाला १८ किलो खुराक जास्त खाते आणि पिंजरा दीडपट अडवते, हे वेत कसंही झालं तरी बदलत नाही.

१० मार्च

कापल्या कापल्या शिजवायचा नाही, अंग ताठरतं आणि मटण रबरी लागतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून आज केला. चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे तेल आणि खोबरं नेहमीपेक्षा जरा जास्त, शिट्ट्या कमी. काळीचा एक ससा चौघांना भाकरीबरोबर एका जेवणाला बरोबर झाला. थोरलीचा दोन वाट्या उरला, तो दुसऱ्या दिवशी कुणी खात नाही. “कोंबडीसारखंच लागतं” असं बायकोचं मत, म्हणजे पास.

२० एप्रिल

दुपारी कौलाखाली ३४ डिग्री, शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ३९. सशाला घाम येत नाही, उष्णता कानातून आणि श्वासातून जाते. तिशीच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो.

थोरली दोन वाजता फळीवर आडवी, तोंड उघडं, नाकपुड्या भराभर. कान हाताला तापलेले. ओल्या फडक्याने कान पुसले, गोठवलेली पाण्याची बाटली पोटाशी ठेवली, तासाभराने सावरली. काळी त्याच वेळी पाय पसरून पडलेली, पण तोंड मिटलेलं. तांबडी खात होती.

खाणं आता पहाटे आणि रात्रीच. गोणपाट ओलं करून पश्चिमेला लावलंय. मातीचे परळ खानापूरहून आणले, पाणी गार राहतं आणि ससा उलटवू शकत नाही.

११ मे

पहाटे तिघींना नर दाखवला. लागला, पण फार आशा नाही. एवढ्या उन्हात नराचं बीज मरतं. अंगाने धडधाकट दिसतो, उडी मारतो, पण गाभण राहत नाही.

२५ मे

पाऊस यंदा लवकरच सुरू झाला. पोटं चाचपली, तिघी रिकाम्या. नवीन बीज तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, म्हणजे जुलै सरेपर्यंत वाट बघायची. पुढच्या वर्षी असा बेत: नोव्हेंबर आणि जानेवारीची वेतं भरवशाची, जुलै-ऑगस्टचं जमलं तर, मार्च ते जून सुट्टी. श्रावणात पिल्लं वाढतील आणि श्रावण संपल्यावर हंडीला येतील, हेही जुळतं.

काळीच्या दोन पोरी ठेवल्या होत्या. साडेपाच महिन्यांच्या झाल्या, आज काट्यावर: २.८ आणि २.९ किलो. आईपेक्षा अर्धा किलो पुढे. बापाचं अंग आलंय, यायचंच होतं. याच पोरींना आया केलं आणि पुन्हा त्याच नराखाली घातलं (बाप-लेक म्हणून ते तसंही नको) तर दोन पिढ्यांत सगळ्या थोरल्या होतील. मध्यम नराची पिल्लं खायची. आया करायच्या त्या बारक्या नराच्या पोटच्या. म्हणजे नर दोन लागणार. युनिटवाल्याला तीन नरांवरून हसलो होतो, पण माझ्या दुसऱ्याला निदान काम आहे.

८ जून

थोरली मामांकडे गेली. नंदगडला त्यांच्याकडे गोठ्याची जागा आहे, चाराही भरपूर. फळी बरोबर दिली.

निपाणीकडे एकाकडे काळा-पांढरा नर आहे, २.१ किलो. आई-बाप दोघं त्याच्याकडेच आहेत, दोघंही काट्यावर अडीचच्या आत, कान तीन-साडेतीन इंच, म्हणजे ड्वार्फ नाही. काळीच्या नात्यातला असण्याचा संबंध नाही. पाऊस जरा उघडला की आणतो. थोरलीचा पिंजरा मधोमध जाळी घालून दोघांचा करायचा. अडीच फूट जाळी कमी पडतेय, १४ गेजचीच.